पहिली मोठी खरेदी: जुना बस्ट, पाव मापाचा स्टॅच्यू की दशांश?

माझ्या टेबलावर मार्व्हल कॉमिक्समधल्या ‘थिंग’चा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा आहे, बोवेन डिझाइन्सचा. उंची वीतभरही नाही, पण हातात घेतला की आधी वजन जाणवतं, मग गारवा. नारिंगी दगडी अंगाच्या प्रत्येक भेगेत गडद तपकिरी रंग मुरवलाय आणि जाड भुवईखालच्या खाचेत दोन निळे डोळे आहेत. आपल्याकडे गणपतीची मूर्ती ठरवताना जाणकार माणूस आधी डोळ्यांची आखणी बघतो. बस्ट घेताना मीही तेच बघतो. बुबुळ जरा सरकलं तरी चेहरा मरतो, आणि या थिंगचे डोळे अजूनही थकलेल्या, भल्या माणसाचेच वाटतात.

असा बस्ट आज नवा मिळत नाही, आणि कॉमिक्सचे पुतळे जमवायला आत्ता सुरुवात करणाऱ्यानं सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे शिल्पकार रँडी बोवेन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधराएक वर्षं मार्व्हलच्या पात्रांचे छोटे बस्ट काढले. स्पायडरमॅन आणि हल्क तर होतेच, पण ज्यांची नावं फक्त कॉमिक्स वाचणाऱ्यालाच ठाऊक असतात असे दुय्यम खलनायकही होते. किंमत पन्नास डॉलरच्या आसपास असल्यामुळे लोक एकेक करत अख्खी फळी जमवायचे. मग बोवेन थांबले. बॅटमॅनवाल्या डीसी कॉमिक्सचे पुतळे काढणारं, १९९८ मध्ये सुरू झालेलं डीसी डायरेक्ट २०२० मध्ये बंद पडलं आणि ते नाव पुढे मॅकफार्लेन टॉइजकडे गेलं. छोटे बस्ट काढणारी जेंटल जायंट ज्या डायमंड सिलेक्टकडे गेली, तिची मूळ कंपनी डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स हिनं जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

छोट्या बस्टचं गणितच आता जुळत नाही. साचा आणि लायसन्सचा खर्च मोठ्या स्टॅच्यूलाही आहे आणि छोट्यालाही. रंगकाम चीनमधल्या कारखान्यात हातानंच होतं आणि तिथली मजुरी वाढली. त्यात एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं. महिन्याभरात ते खाली आलं, पण ज्यांनी तेव्हा मालाची मागणी नोंदवली होती ते हादरले. मग कंपनी काय करणार? कमी नग, मोठा आकार, जास्त किंमत आणि हमखास खपणारी पात्रं. म्हणून बॅटमॅन दरवर्षी नव्या पोझमध्ये येतो आणि एखाद्या दुय्यम खलनायकाची कोणी आठवणही काढत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आता पाव मापाच्या, म्हणजे पात्राच्या खऱ्या उंचीच्या पाव असलेल्या स्टॅच्यूकडे येऊ. साइडशोचे प्रीमियम फॉरमॅट, जपानच्या प्राइम वन स्टुडिओचे, सिंगापूरच्या एक्सएम स्टुडिओजचे असे हे पुतळे पहिल्यांदा समोर पाहिले की माणूस बोलायचा थांबतो. सहा फुटी पात्र अठरा इंचांचं होतं, त्याखाली बेस असतो, केपची फडफड वेगळी. चेहऱ्यावर खरे भाव उतरवायला या मापात जागा मिळते आणि चांगल्या स्टुडिओचा शिल्पकार ती वापरतो. एवढा आनंद बस्ट देऊ शकत नाही, हे मान्यच करायला हवं.

पण तो ठेवणार कुठे? जगभरातल्या संग्राहकांचं लाडकं काचेचं कपाट म्हणजे आयकियाचं डेटॉल्फ. त्याची उंची १६३ सेंटिमीटर आणि खण चार. म्हणजे एका खणाला जेमतेम चाळीस सेंटिमीटर मिळतात. अठरा इंच म्हणजे सेहेचाळीस, त्यामुळे पाव मापाचा पुतळा त्यात उभाच राहत नाही. शिवाय खोका. थर्माकोलच्या साच्यांसकट तो पुतळ्याच्या कितीतरी पट जागा खातो, आणि टाकूनही देता येत नाही, कारण खोक्याशिवाय विकायला काढलं की भाव पडतो. ठाण्यातल्या माझ्या वन बीएचकेत असे दोन खोके पलंगाखाली गेले आणि पलंगाखालची जागा संपली.

आपल्या हवेचाही विचार करा. या मोठ्या पुतळ्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर खरं कापड आणि नकली चामडं असतं. हे चामडं बहुतेकदा पॉलियुरेथेनचं असतं आणि दमट हवेत ते आतून विघटित होत जातं. माझ्याकडच्या एका पुतळ्याचा पट्टा चौथ्या पावसाळ्यात सोलायला लागला. आधी कडेला चिकटपणा आला, मग पापुद्रे सुटले. त्यावर उपाय नाही, तो बदलावाच लागतो, आणि बदली पट्टा कोणी देत नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर ज्याचे कपडेही अंगासोबतच घडवलेले आहेत असाच पुतळा घ्या. फोटोत कापडाची केप कितीही सुंदर दिसो, तिला बुरशी धरते. पुण्या-नाशिककडे हा त्रास कमी, पण पावसाळा तिकडेही आहेच.

पैशाचं बोलायचं तर पाव मापाचा पुतळा आज सहाशे डॉलर आणि त्याहून वर जातो. त्यावर जहाजाचं भाडं आणि ड्युटी. भारतात खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल खेळणं धरलं जातं की शोभेची वस्तू, यावर हिशेब बदलतो. म्हणून विक्रेत्याकडून घरपोच, ड्युटीसकट किंमत लेखी घ्या. प्री-ऑर्डर केली तर वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची मनाची तयारी ठेवा, आणि तेवढ्या काळात कंपनी टिकेल का याचाही विचार करा. मार्व्हलच्या छोट्या धातूच्या मूर्ती काढणारी ईगलमॉस २०२२ मध्ये बुडाली तेव्हा अनेकांची मालिका अर्धवटच राहिली.

दशांश माप हा मधला मार्ग. सहा फुटी पात्र सव्वासात इंचांचं होतं, त्यामुळे डेटॉल्फच्या एका खणात चार-पाच सहज मावतात. ब्राझीलच्या आयर्न स्टुडिओजचे पॉलिस्टोनचे पुतळे या मापात फार देखणे असतात. पॉलिस्टोन म्हणजे दगडाची पूड मिसळलेलं रेझिन. स्पर्शाला चिनी मातीसारखं लागतं आणि पडलं तर फुटतंही तसंच. या मापात बोटं, तलवारी, जाळ्याचे धागे इतके बारीक असतात की प्रवासात तेच आधी जातात. जपानच्या कोटोबुकियाचे पीव्हीसीचे पुतळे फुटत नाहीत, पण उन्हाळ्यात एका पायावर उभं असलेलं पात्र हळूहळू कलतं. गरम पाण्यात धरून सरळ केलं की पुढचा उन्हाळा निघतो. भाड्याच्या घरात राहत असाल, दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवावं लागत असेल, तर बिनधास्त पीव्हीसी घ्या.

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पुतळे काढून विकणारे आता खूप झालेत. शिल्पकार कॉम्प्युटरवर घडवायला लागल्यापासून हे होणारच होतं, आणि त्यातल्या काहींचा हात खरोखर चांगला आहे. स्वतः रंगवायला शिकायचं असेल तर त्यासारखी शाळा नाही. संग्रह म्हणून मात्र मी ते घेत नाही. लायसन्स नसतं, ठरावीक नगांची नंबर घातलेली एडिशन नसते, आणि कोणाच्या तरी मूळ कामावरून साचा मारलेला रिकास्ट असेल तर त्या शिल्पकाराच्या पोटावर पाय येतो.

मला विचाराल तर चाळीस-पन्नास हजार हाताशी असतील तेव्हा जुने बस्ट घ्यावेत, एका संघाचे, एका शिल्पशैलीतले. आणि थिंग आला की त्याच्या शेजारी त्याचा शत्रू डॉक्टर डूमही हवाच. लहानपणापासून एकच पात्र मनात घर करून असेल तर त्याचा पाव मापाचा एक पुतळा घ्या, पण एकच, आणि त्याची जागा टेपनं मोजून.

जुना बस्ट दाखवायला कोणी आणला तर बुडाचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का ते बघा. मग खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून मानेभोवती, मनगटाभोवती, केपच्या कडेवरून हळूहळू फिरवा. जिथे पूर्वी फेव्हिक्विक लागलंय तिथे रंग वेगळा चमकतो. तसं दिसलं तर सोडूनच द्या असं नाही. भाव कमी करून मागा, आणि घरी आणल्यावर एपॉक्सीनं नीट बसवा.