तेलाचं स्पिल किट वापरलं: पॅड उत्तम, पिशव्या कच्च्या

मी साइटवर सेफ्टीचं काम बघतो. मागच्या महिन्यात पोकलेनचा हायड्रॉलिक होज फुटला. ऑपरेटरने इंजिन बंद करेपर्यंत वीसेक लिटर तेल खाली आलं, अर्धं मुरुमावर, अर्धं काँक्रीटवर, आणि काँक्रीटचा उतार थेट पावसाळी गटाराच्या जाळीकडे. नवं कोरं स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल आवरायच्या सामानाचा संच, तेव्हा पहिल्यांदा उघडलं.

आधी लांबट सॉक, म्हणजे तेल शोषणाऱ्या नळीसारख्या पिशव्या, काढून जाळीच्या अलीकडे आडवे टाकले. टोकं एकमेकांवर चढवली की फट राहत नाही. मग पांढरे पॅड. ते पॉलिप्रॉपिलीनचे, तेल पितात पण पाणी धरत नाहीत. काँक्रीटवर रात्रीच्या पावसाचं डबकं होतं. पॅड वरून फिरवला तसा रंगीत तवंग उचलला गेला आणि पाणी जागच्या जागी राहिलं. भुसा टाकला असता तर त्याने दोन्ही प्यायलं असतं आणि तेलकट कचरा उगाच वाढला असता. एवढ्यासाठी तरी हे किट घ्यावं असं मी मनापासून सांगेन.

तक्रार आहे ती कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल. भिजलेले पॅड भलतेच जड होतात. पहिलीच पिशवी उचलताना शिवणीतून उसवली आणि पुसून काढलेल्या जागेवर तेल पुन्हा ठिबकलं. शेवटी पिशवीत पिशवी घालून वेळ निभावली. शिवाय मुरुमात मुरलेलं तेल पॅडला येत नाही. काळी ओल संपून कोरडा मुरूम लागेपर्यंत खणावं लागलं, अकरा घमेली निघाली. किटमध्ये फावडं नाही, लेबल नाही, आणि माहितीपत्रकात विल्हेवाटीबद्दल जेमतेम एक ओळ.

खरं काम तर तिथून पुढे होतं. पॅड एका ड्रममध्ये, मुरूम दुसऱ्यात, दोन्हींना रिंगचं झाकण, खाली ट्रे, वर शेड. उघड्या ड्रममध्ये पावसाचं पाणी भरलं की तेल वर तरंगतं आणि काठावरून सांडतं. एक मजूर तेलकट हातमोजे राडारोड्यावर टाकायला निघाला होता, त्याला थांबवलं. हातमोजेही त्याच ड्रममध्ये, कारण ते ढिगात मिसळले की अख्ख्या ढिगावरच प्रश्न येतो. घातक कचरा नेणाऱ्या परवानाधारक माणसाने पहिला प्रश्न केला, ‘कुठलं तेल?’ डेटाशीट, म्हणजे त्या तेलाच्या माहितीचा कागद, शोधण्यात अर्धा दिवस गेला, तोवर ड्रम तसेच पडून. ड्रम गेले तेव्हा वजनाची पावती मी फाइलला लावली.

रिफिल याच किटचं मागवलंय, जाड पिशव्या मात्र वेगळ्या घेतल्या. झाकणाच्या आत आता मार्कर, कोरी लेबलं आणि साइटवरच्या प्रत्येक तेलाच्या डेटाशीटची प्रत चिकटवून ठेवली आहे.