रॅबिटएमक्यू, आठ-नऊ महिन्यांनंतर: बाकी सगळं नंतर, आधी प्रीफेच बघा

रॅबिटएमक्यू म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवून दुसऱ्या प्रोग्रामला देणारा ब्रोकर. आमच्याकडे महिनाअखेरीला त्यातली ई-इनव्हॉइसची, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलला जाणाऱ्या बिलांची, क्यू फुगली. दर अर्ध्या तासाने कन्झ्युमर, म्हणजे क्यूतून मेसेज उचलणारे प्रोग्राम, तुटायचे, परत जोडले जायचे, आणि काही ग्राहकांना एकाच बिलाचे दोन-दोन एसएमएस गेले. होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टने तिकिटावर एका ओळीत उत्तर दिलं: रॅम कमी पडतेय, वरचा प्लॅन घ्या. वरच्या प्लॅनचं भाडं जवळजवळ दुप्पट. रॅमचा आलेख त्या वेळी निम्म्यावरही नव्हता. लॉग पाठवला, तरी उत्तर तेच आलं आणि तिकीट बंद झालं. हा त्रास रॅमचा नाही आणि जास्त भाडं भरून जाणाराही नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मांडणी नेहमीचीच आहे. ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या बिलं-हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल पास झालं की टॉपिक एक्स्चेंजवर, म्हणजे मेसेज योग्य क्यूंकडे वाटणाऱ्या भागावर, एक मेसेज जातो, तिथून चार क्यू निघतात: ई-इनव्हॉइस, टॅली, गोदाम आणि एसएमएस. तीन नोड, म्हणजे एकत्र चालणारे तीन सर्व्हर, सगळ्या कोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक नोडवर ठेवणाऱ्या), आवृत्ती ४.०, कन्झ्युमर स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधले. बाइंडिंग म्हणजे एक्स्चेंजची क्यूशी जोडणी.

लॉगमध्ये ४०६ चा एरर होता: ‘प्रिकंडिशन फेल्ड, डिलिव्हरी ॲकनॉलेजमेंट ऑन चॅनल १ टाइम्ड आउट’, आणि पुढे आकडा १८००००० मिलिसेकंद. म्हणजे तीस मिनिटं. मेसेज कन्झ्युमरला दिल्यापासून तीस मिनिटांत त्याची पोच, म्हणजे ॲक, आला नाही तर ब्रोकर ते चॅनल, म्हणजे कन्झ्युमरशी असलेल्या जोडणीतला तो मार्ग, बंद करतो आणि त्या चॅनलवर पोच न झालेले सगळे मेसेज क्यूत परत टाकतो. फक्त उशीर झालेला एक नाही, सगळे. ही मर्यादा ३.८.१५ मध्ये आली तेव्हा पंधरा मिनिटांची होती, ३.८.१७ मध्ये ती तीस केली.

आता एका इनव्हॉइसला लागतात साधारण आठ सेकंद: पोर्टलला पाठवणं, आयआरएन (इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) घेणं, ई-वे बिल, क्यूआर घालून पीडीएफ बनवणं. आठ सेकंदांच्या कामाला तीस मिनिटांची मर्यादा कशी पुरत नाही?

घड्याळ सुरू होतं ते मेसेज कन्झ्युमरकडे पोचला त्या क्षणी. काम सुरू होण्याची वाट ते बघत नाही. आणि प्रीफेच, म्हणजे पोच न देता कन्झ्युमरला एका वेळी किती मेसेज मिळू शकतात तो आकडा, स्प्रिंग एएमक्यूपीत (स्प्रिंगला रॅबिटएमक्यूशी जोडणाऱ्या लायब्ररीत) आवृत्ती २.० पासून डिफॉल्टने २५० आहे. म्हणजे कन्झ्युमर हातात एक मेसेज घेतो आणि २४९ उशाला ठेवतो. २५० गुणिले ८ म्हणजे २००० सेकंद, तेहतीस मिनिटं वीस सेकंद. रांगेतल्या २२६ व्या मेसेजची पोच १८०८ व्या सेकंदाला जाते आणि तिथेच मर्यादा ओलांडली जाते. तपासणी साधारण मिनिटाला एकदा होते, त्यामुळे चॅनल तीस ते एकतीस मिनिटांच्या दरम्यान पडतं. परत जोडलं की परत २५० उचलले जातात, परत अर्ध्या तासाने तेच.

एरवी हे दिसत नाही. दिवसभर बिलं सुटी सुटी येतात, प्रत्येकाकडे पाच-दहाच मेसेज असतात. अडीचशेची उशी भरते ती फक्त तुंबल्यावर, म्हणजे नेमकी महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत. चाचणीच्या सर्व्हरवर वीस बिलं टाकून बघणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

सुरुवातीला माझं मत होतं की ही मर्यादाच काढून टाकावी. रॅबिटएमक्यूला द्यायच्या पाच ताऱ्यांतले दोन मी तिच्यासाठीच कापले होते. कोरम क्यूचं पोट नीट बघितल्यावर मत बदललं. कोरम क्यू राफ्टच्या (नोडमध्ये एकमत ठेवणाऱ्या पद्धतीच्या) लॉगवर चालते. एक जरी मेसेज पोचेविना लटकला तरी तो ज्या सेगमेंट फाइलमध्ये आहे ती पुसता येत नाही. अडकलेला एक कन्झ्युमर हळूहळू डिस्क भरवतो, आणि डिस्क भरली की सगळेच बसतात. त्यामुळे मर्यादा हवीच. एक तारा परत दिला. दुसरा नाही, कारण एररमध्ये त्या चॅनलचं प्रीफेच किती आणि लटकलेले मेसेज किती हे दोन आकडे छापले असते तर होस्टिंगवाल्यांचा सपोर्टसुद्धा योग्य उत्तर देऊ शकला असता.

इलाज असा. स्प्रिंगच्या लिसनर सेटिंगमध्ये प्रीफेच स्वतः लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. हिशोब सोपा आहे: प्रीफेच गुणिले एका मेसेजचा सगळ्यात वाईट वेळ, हा गुणाकार मर्यादेच्या निम्म्याच्या आत ठेवा. पोर्टल मंद असताना एचटीटीपीचा टाइमआउट ६० सेकंदांचा आहे, म्हणून प्रीफेच १०. गुणाकार ६०० सेकंद, दहा मिनिटं. चार कन्झ्युमर समांतर ठेवले की आठ सेकंदांच्या हिशोबाने मिनिटाला तीस, तासाला १८०० बिलं निघतात. प्रीफेच कमी केल्याने वेग घटत नाही. मोठं प्रीफेच कामाला येतं ते काम मिलिसेकंदांत संपत असेल तेव्हा, नेटवर्कच्या फेऱ्या वाचवायला. आठ सेकंदांच्या कामात त्या फेरीला काही किंमत नाही. उलट पंगतीत एकाच्याच पानात अडीचशे जिलब्या वाढून ठेवल्यासारखं होतं: तुंबल्यावर पाचवा कन्झ्युमर सुरू केला तरी क्यूत उचलायला काही उरलेलं नसतं.

एखादं काम खरोखरच लांब असेल, मोठा अहवाल वगैरे, तर त्या एकाच क्यूला पॉलिसीतून वेगळी मर्यादा द्या. ३.१२ पासून ती सोय आहे, आकडा मिलिसेकंदांत, एका तासाला ३६०००००. सगळ्या ब्रोकरची मर्यादा वाढवू नका आणि ती बंद तर अजिबात करू नका.

प्रीफेच सुधारलं तरी दुहेरी मेसेज कधीतरी येणारच. चॅनल तुटताना जे बिल हातात असतं त्याचं काम पुरं होतं, पण पोच जात नाही. ई-इनव्हॉइसला इथे पोर्टलच वाचवतं. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन, दस्तऐवजाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांच्यावरून काढलेला ६४ अक्षरी हॅश आहे. तेच बिल परत पाठवलं की २१५० क्रमांकाचा डुप्लिकेटचा एरर येतो. त्याला अपयश मानून मेसेज परत क्यूत टाकणारे प्रोग्राम मी बघितलेत, तसं करू नका. त्याच उत्तरात आधीचा आयआरएन आणि पोच क्रमांक असतो, तो उचला आणि मेसेज यशस्वी धरा. सही केलेला क्यूआर हवा असेल तर तो आयआरएन देऊन वेगळा मागवावा लागतो. एसएमएसला असं संरक्षण नाही. तिथे प्रत्येक मेसेजला ईआरपीकडूनच आयडी द्या, आणि पाठवण्याआधी तो आयडी युनिक की असलेल्या टेबलात घाला. घालता आला नाही तर पाठवू नका.

४.० घेणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. कोरम क्यूत आता डिलिव्हरी लिमिट डिफॉल्टने २० आहे. मेसेज त्यापेक्षा जास्त वेळा परत आला आणि डेड लेटर एक्स्चेंज (न निभलेले मेसेज बाजूला काढणारी वाट) लावलेलं नसेल तर तो टाकून दिला जातो. बिलाचा मेसेज असा गेला तर कुणालाच पत्ता लागत नाही. प्रत्येक क्यूला डेड लेटर लावा, अपवाद नको.

राउटिंग कीमध्ये, म्हणजे मेसेज कुठल्या क्यूत जायचा ते ठरवणाऱ्या पत्त्यात, एक अक्षर चुकलं तरी मेसेज असाच गायब होतो, आणि पब्लिशर कन्फर्म, म्हणजे पाठवणाऱ्याला ब्रोकरकडून येणारी पावती, मात्र ‘मिळाला’ म्हणतं. मॅन्डेटरी फ्लॅग (असा मेसेज पाठवणाऱ्याकडे परत येतो) किंवा अल्टरनेट एक्स्चेंज (तो दुसऱ्या एक्स्चेंजकडे जातो), दोन्हींपैकी एक ठेवाच. मोकळ्या डिस्कची डिफॉल्ट सीमा ५० एमबी आहे, ती फार तोकडी. आमच्याकडे ४ जीबी आहे. सीमा ओलांडली की क्लस्टरमधले सगळे पब्लिशर थांबवले जातात. ईआरपी बिल पास करतानाच थेट ब्रोकरशी बोलत असेल तर काउंटरवरची स्क्रीन गोठते. म्हणून बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात एक ओळ लिहायची, आणि वेगळ्या प्रोसेसने ती पाठवून कन्फर्म आल्यावरच खूण करायची. ब्रोकर तासभर बंद असला तरी बिलिंग चालू राहतं.

मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे शॉव्हेल. हा प्लगिन आणि त्याचा मॅनेजमेंट प्लगिन चालू केला की वेब स्क्रीनवर क्यूच्या पानात मेसेज हलवायची सोय येते. पोर्टल बंद पडल्यामुळे डेड लेटरमध्ये साठलेली शेकडो बिलं, क्यूचं नाव टाकून एका बटणात मूळ जागी परत. एक ओळ कोड लिहावा लागत नाही. त्याच पानावरचं ‘गेट मेसेज’ मात्र जपून वापरा. ते नुसतं डोकावणं नाही, मेसेज खरोखर काढून परत ठेवला जातो.

पैशांचं बोलायचं तर प्रत्येक प्रोसेसर कोअरमागे परवान्याचे पैसे घेणाऱ्या मिडलवेअरपुढे (प्रोग्राम एकमेकांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे) हा सौदा चांगलाच आहे. परवाना मोफत, खर्च तीन लहान मशीनचा. पण २०२३ मध्ये व्हीएमवेअरबरोबर हे ब्रॉडकॉमकडे गेलं आणि मोफत दुरुस्त्या आता नव्या मालिकेलाच मिळतात, म्हणजे अपग्रेड टाळत बसता येत नाही. ३.१३ वर अजून मिरर केलेल्या (दुसऱ्या नोडवर प्रती ठेवणाऱ्या), जुन्या प्रकारच्या क्लासिक क्यू असतील तर ४.० मध्ये ते मिररिंग उरलेलं नाही. क्यूचा प्रकार जागच्या जागी बदलत नाही. नव्या नावाने कोरम क्यू करा, बाइंडिंग तिकडे वळवा, जुन्या क्यूतले मेसेज शॉव्हेलने हलवा, सगळे फीचर फ्लॅग (नव्या सोयींचे स्विच) चालू आहेत का ते बघा आणि मग नोड एकेक करून चढवा. हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करा, शेवटच्यात नको.