फोंड्यातील अकरावीची गणिताची शिकवणी : ‘सरळ रेषा’ या प्रकरणापुरता अभिप्राय

फोंड्याच्या वरच्या बाजारातील ज्या शिकवणीला माझी मुलगी यंदा जाते, तिथे पालकांना वर्गात मागे बसण्याची मुभा आहे. ‘सरळ रेषा’ हे प्रकरण चालू असताना मी तिचा लाभ घेतला.

दिलेला बिंदू रेषेवर आहे की नाही, हे बहुतेक ठिकाणी समीकरणात किमती घालून ठरवतात. इथे सरांनी समीकरण बाजूला ठेवून चढापासून, म्हणजे य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक या गुणोत्तरापासून, सुरुवात केली. रेषा (२, ३) मधून जाते आणि तिचा चढ ३/४ आहे, तर (१०, ९) तिच्यावर आहे का? दोन बिंदूंच्या य-निर्देशकांतील फरक ६, क्ष-निर्देशकांतील ८, गुणोत्तर ३/४, म्हणजे आहे. (७, ७) साठी तेच गुणोत्तर ४/५ येते, म्हणून तो रेषेबाहेर. इथवर कोणीही शिकवील. पण चढ सारखा आला म्हणजे रेषा तीच, असे कशावरून, हा प्रश्न सरांनी स्वतःहून काढला आणि कौलारू घराच्या छपराचे वासे फळ्यावर काढून दाखवले : सगळ्यांचा उतार एकच, तरी प्रत्येक वासा वेगळा. इथे मात्र दिलेल्या रेषेचा आणि (२, ३) पासून तपासायच्या बिंदूपर्यंतच्या रेषेचा, असे दोन्ही चढ एकाच सामाईक बिंदूपासून मोजलेले असतात, म्हणूनच त्या दोन रेषा समांतर न राहता एक होतात. मराठी प्राथमिक शाळेतून पुढे इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना हे कारण मराठीतून ऐकायला मिळाले, याचे मला फार मोल वाटते.

भागाकार टाळून ४(य − ३) = ३(क्ष − २) असे लिहिण्याची सवयही सर लावतात, आणि ते योग्यच आहे; कारण तपासायचा बिंदू खुद्द (२, ३) असला तर गुणोत्तर ०/० होऊन पडताळणी अडते, गुणाकाराच्या रूपात मात्र दोन्ही बाजू शून्य येऊन उत्तर बरोबर मिळते.

उणीव उभ्या रेषेबाबत जाणवली. (४, १) आणि (४, ६) मधून जाणाऱ्या रेषेला चढच नसतो, तिथे केवळ क्ष = ४ आहे का एवढे पाहायचे असते; हा भाग तास संपता संपता घाईने उरकला गेला आणि सरावाच्या कागदावर त्याचे एकही उदाहरण नव्हते. संध्याकाळच्या तुकडीत गर्दी असल्याने मागच्या बाकांवरील वह्या तपासल्या जात नाहीत. रविवारी सकाळच्या तुकडीत मुले कमी असतात. प्रवेश घेताना पालकांनी तीच मागून घ्यावी.