बोटीवरचा जीपीएस अँटेना दगा देतो तेव्हा: दुरुस्ती, नवा अँटेना की नवा संच?

कोकण किनाऱ्यावरील बहुतेक ट्रॉलरवर केबिनच्या छपरावर जीपीएस अँटेनाची पांढरी घुमटी असते आणि तिची केबल तांडेलासमोरच्या, स्थान दाखवणाऱ्या जीपीएस संचापर्यंत खाली उतरते. चालत्या बोटीवर मध्येच स्थान नाहीसे होऊ लागले, किंवा जेटीला बांधलेली बोट पडद्यावर चालताना दिसू लागली, की मालकापुढे तीन मार्ग उभे राहतात: आहे तोच अँटेना दुरुस्त करणे, त्याच जातीचा नवा बसवणे, किंवा संचासह सारे बदलणे. जाळे अडकवणाऱ्या खडकांच्या खुणा याच संचात साठवलेल्या असल्यामुळे हा निर्णय हंगामाच्या मध्यावर घाईने घेण्यासारखा नसतो.

उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा 1575.42 मेगाहर्ट्झचा संकेत बोटीपर्यंत पोहोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो. म्हणून घुमटीच्या आतच संकेत वाढवणारा एक लहान प्रवर्धक बसवलेला असतो आणि त्याला लागणारा वीजदाब, बहुधा 5 किंवा 3.3 व्होल्ट, संचाकडून त्याच केबलमधून वर जातो. केबलमध्ये पाणी शिरले तर संकेत खाली येत नाही आणि वीजही धड वर जात नाही. तरीही लोक पहिला संशय घुमटीवर घेतात आणि जोडणीकडे शेवटी पाहतात.

दुरुस्तीचा मार्ग स्वस्त आहे, पण तो निवडण्याआधी दोष कुठे आहे हे ठरवावे लागते. संच चालू ठेवून केबल त्याच्या मागून सोडवावी आणि सॉकेटची मधली पिन व बाहेरची कडी यांमध्ये मल्टिमीटर धरावा. टोके एकमेकांना टेकू न देण्याची काळजी घ्यावी, कारण शॉर्ट झाल्यास संचातील अँटेनाला वीज पुरवणारा भाग जळू शकतो. तेथे ठरलेला वीजदाब मिळाला नाही, तर बिघाड संचातच आहे. वीजदाब ठीक असेल, तर संच बंद करून केबल वरच्या टोकालाही सोडवावी आणि मधली तार व तिच्याभोवतीची तांब्याची जाळी यांमधील रोध पाहावा. सुक्या, निर्दोष केबलमध्ये तेथे काहीच वाहता कामा नये. मीटरने किंचित जरी आकडा दाखवला, तरी ओल आत गेली आहे असे समजावे. कनेक्टरची रबर टेप सोलल्यावर तांब्याची जाळी काळी किंवा हिरवट दिसली, तर टोक थोडे कापून नवा कनेक्टर लावता येतो. मात्र हात-दोन हात कापूनही काळेपणा संपत नसेल, तर ती केबल टाकून द्यावी. तारा पिळून मध्येच जोड देण्याची आपल्याकडील सवय दिव्याच्या वायरला चालून जाते, या केबलला चालत नाही.

केबल घुमटीतूनच निघणारी, म्हणजे वेगळी न होणारी असेल, तर त्याच जातीचा नवा अँटेना घेणे हाच सरळ उपाय आहे. कनेक्टर बसला म्हणजे अँटेना जुळला असे मात्र नाही: 3.3 व्होल्टचा अँटेना 5 व्होल्टच्या संचाला लावल्यास तो जळू शकतो आणि उलट जोडणीत तो अर्धवट चालतो, म्हणून संचाच्या पुस्तिकेतील आकडा पाहूनच खरेदी करावी. केबल लांबवायची असल्यास आरजी-58 जातीची पातळ केबल वापरू नये, कारण या कंपनसंख्येला तिच्या दहा मीटरमध्येच अर्ध्याहून बरीच अधिक शक्ती विरते.

तिसऱ्या मार्गात दोन प्रकार येतात. स्मार्ट अँटेनामध्ये संकेतावरून स्थान काढणारा रिसीव्हर घुमटीतच असतो आणि केबलमधून तयार स्थान आकड्यांच्या रूपात खाली येते, त्यामुळे लांब केबलमुळे होणारी हानी उरतच नाही. इंजिनाच्या बाजूने लांबचा फेरा घेणाऱ्या केबलसाठी माझी पसंती यालाच आहे. पण जुना संच ही माहिती बाहेरून स्वीकारत नसेल, तर तोही बदलावा लागतो. दुसरा प्रकार अंतर्गत अँटेनाच्या प्लॉटरचा, म्हणजे नकाशावर स्थान दाखवणाऱ्या संचाचा. फायबरच्या लहान होडीवर तो उत्तम चालतो, कारण फायबरमधून संकेत बऱ्यापैकी पार होतो. पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे छप्पर असेल, तर त्याचा विचारही करू नये.

यांपैकी कोणत्याच खर्चाने न सुटणारा एक प्रकार आहे, तो म्हणजे शेजारच्या उपकरणाचा व्यत्यय. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात जीपीएस बंद पडत होते आणि शोध घेता मूळ निघाले ते बोटींवरील प्रवर्धक असलेल्या टीव्ही अँटेनांमध्ये. आपल्या बोटीवर हे ताडण्यासाठी संचावर उपग्रहांच्या संकेताची ताकद पट्ट्यांनी दाखवणारे पान उघडून एकेक उपकरण बंद करत जावे. व्हीएचएफ रेडिओवर बोलतानाच पट्ट्या कोसळत असतील, तर घुमटी व्हीएचएफच्या काठीपासून निदान मीटरभर दूर न्यावी, आणि रडारच्या झोतात तर ती कधीच ठेवू नये. उंच डोलकाठीचे टोकही टाळावे, कारण तेथील झोके संचाला बोटीचा वेग वाटतात.

माझ्या मते, संच पाच-सात वर्षांच्या आतला असेल, तर कनेक्टर तपासून नवा अँटेना घ्यावा आणि तेवढ्यावर थांबावे. तारीखच जवळजवळ वीस वर्षे मागची दाखवणारा संच हे वेगळे प्रकरण आहे: जीपीएसची दर 1024 आठवड्यांनी नव्याने सुरू होणारी आठवड्यांची मोजणी एप्रिल 2019 मध्ये शून्यावर आली, ती काही जुन्या संचांना उमगली नाही, आणि नवा अँटेना लावून ते सुधारत नाही. अशा वेळी नवा संच घेताना जुन्या खुणा आधी वहीत उतरवून घ्याव्यात आणि त्या कोणत्या पद्धतीत आहेत (दशांश मिनिटांत की मिनिटे-सेकंदांत) हेही लिहावे, कारण 58.50 मिनिटे हा आकडा नव्या संचात 58 मिनिटे 50 सेकंद म्हणून भरला गेला, तर अक्षांशात खडक सहाशे मीटरहून अधिक सरकतो.