खर्चाचा कागद आधी हातात देणारे वकील : रत्नागिरीतील एक अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. मागची पडवी उतरवून तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधण्याचा आमचा अर्ज नियोजन प्राधिकरणाने नाकारला, तेव्हा अपिलासाठी मी रत्नागिरी शहरातील एका वकिलांकडे गेलो. अपील अंशतः मंजूर झाले आणि दोनऐवजी एका खोलीला परवानगी मिळाली. परंतु हा अभिप्राय मुख्यतः खर्चाविषयी आहे, कारण अपील करायला निघालेल्या माणसाला नेमके तेवढेच कोणी सांगत नाही.

पहिल्याच भेटीत मी विचारले, "साहेब, आपण जिंकलो तर हा खर्च त्यांच्याकडून वसूल होईल ना?" त्यांनी सातबारा आणि मोजणीचा नकाशा बाजूला सारला, एक कोरा ताव घेतला आणि सर्वांत वर लिहिले : "जिंकलात तरी परत मिळणार नाही." त्याखाली वकील फी ३५,००० रुपये, आर्किटेक्टकडून सुधारित नकाशे ८,००० रुपये, नकला, टायपिंग आणि झेरॉक्स अंदाजे २,५०० रुपये, आणि शेवटी "प्रवासखर्च वेगळा" एवढे शब्द. खाली सही आणि तारीख घालून तो ताव त्यांनी माझ्या हातात दिला. अशील हातचे जाईल याची पर्वा न करता असे लिहून देणारा वकील मला तरी यापूर्वी भेटला नव्हता.

कारणही त्यांनी समजावून सांगितले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ खाली अपील ऐकणाऱ्याला अपील फेटाळता येते किंवा विनाशर्त अथवा शर्ती घालून परवानगी देता येते. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, असे सांगण्याची तरतूद त्या कलमात नाही. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ नुसार न्यायालय खर्च देववू शकते, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही २०१० च्या कायद्याच्या कलम २३ खाली तसा अधिकार आहे. आमचे प्रकरण या दोन्हींपैकी कशातच बसत नव्हते.

मला खरा त्रास झाला तो पहिल्या सुनावणीला. तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही मुंबईला पोहोचलो आणि प्राधिकरणाच्या प्रतिनिधीने मूळ संचिका आणलीच नाही, म्हणून पुढची तारीख पडली. आमचे दोघांचे जाणे-येणे, वकिलांचा वाया गेलेला दिवस, हे सगळे आमच्याच खिशातून गेले. माझी पुतणी इंग्लंडमध्ये राहते. तिने तिथली पद्धत सांगितली, तेव्हा मला फार वाईट वाटले. तिथेही नियोजनाच्या अपिलात सामान्यतः ज्याचा खर्च त्याने सोसायचा असतो, पण एका पक्षाच्या गैरवाजवी वागण्यामुळे दुसऱ्याला विनाकारण खर्च पडला, तर तेवढा खर्च भरून देण्याचा आदेश अपील ऐकणारा निरीक्षक देऊ शकतो. जिंकणाऱ्याला सगळा खर्च मिळावा, असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर हरण्याच्या भीतीने गरीब माणूस अपीलच करणार नाही. मात्र ज्याच्या हयगयीने तारीख वाया जाते, त्याने त्या तारखेचा खर्च द्यावा, ही तरतूद आपल्या कायद्यात असायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

वकिलांविषयी तक्रार एकच आहे. दुसऱ्या खेपेचे ४,००० रुपये त्यांनी त्या "प्रवासखर्च वेगळा" या शब्दांवर बोट ठेवून मागितले. मागणी खोटी नव्हती, पण तारखा पुढे जातात हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असताना दर खेपेचा आकडा कागदावर यायला हवा होता. मी तसे बोलून दाखवल्यावर त्यांनी ते शांतपणे मान्य केले. त्यांचा अपिलाचा मसुदा मात्र उत्तम होता आणि नकाराचे प्रत्येक कारण त्यांनी नकाशासह खोडून काढले होते. पैशांचा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत पावतीसह दिला.

पुन्हा वेळ आली तर मी यांच्याकडेच जाईन, फक्त प्रत्येक तारखेचा दर आधी लिहून घेईन. त्यांच्याकडे जाताना नकाराचे मूळ पत्र आणि ते ज्या पाकिटातून आले ते पाकीट, दोन्ही सोबत ठेवावे. अपिलाची ४० दिवसांची मुदत आदेश कळवल्याच्या तारखेपासून मोजतात आणि आमच्या वकिलांनी सर्वांत आधी पाकिटावरचा टपालाचा शिक्काच पाहिला होता.