चादरीचा मरून रंग आणि दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती

सोलापुरी चादरीच्या जाहिरातीत रंग चुकला, तर व्हिडिओ कितीही देखणा असला तरी दुकानदाराच्या उपयोगाचा नसतो, कारण पडद्यावर लालभडक दिसलेली चादर घरी आल्यावर मरून निघाली की गिऱ्हाईक ती परत पाठवते. सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका दुकानाचा व्हिडिओ करताना मी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीच्या दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादन व रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

दुकानात दारातून ऊन येत होते आणि आत ट्यूबलाइट होत्या, त्यामुळे एकाच चादरीचा दाराकडचा काठ निळसर आणि आतला भाग हिरवट उमटला होता. तयार लट (LUT, म्हणजे सगळ्या चित्राचे रंग एकाच ठरावीक पद्धतीने बदलणारी फाइल) लावून असे फुटेज सुधारत नाही, उलट बिघडते. रिझॉल्व्हच्या कलर पेजवर प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा नोड, म्हणजे स्वतंत्र टप्पा, करता येतो आणि शेजारच्या स्कोपमध्ये लाल, हिरवा व निळा यांचे आलेख दिसतात, म्हणून थकलेल्या डोळ्यांवर विसंबावे लागत नाही. मी आधी फ्रेममधला पांढराशुभ्र टेरी टॉवेल प्रमाण मानून तिन्ही आलेख एका उंचीवर आणले; तरी माणसांचे चेहरे पिवळट पडले. पांढऱ्या टॉवेलवर चकाकीसाठी ब्रायटनर वापरलेले असते आणि त्यामुळे तो मुळातच निळसर झाक देतो, हे तेव्हा लक्षात आले. चित्रीकरणाच्या सुरुवातीला धरलेले ग्रे कार्ड (कोणत्याही रंगाची झाक नसलेला राखाडी पुठ्ठा) प्रमाण धरल्यावर दुकानदारांचा चेहरा व्हेक्टरस्कोपवरील (रंगछटा आणि त्यांची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावरील) त्वचेच्या रेषेवर नेमका बसला आणि मरूनही जागेवर आला. दाराकडच्या काठासाठी दुसऱ्या नोडवर मऊ कडांची पॉवर विंडो (दुरुस्ती चित्राच्या ठरावीक भागापुरती ठेवणारी चौकट) घेऊन निळा कमी केला. कॅमेरा सरकताना हालचालीचा माग ठेवणाऱ्या ट्रॅकरने ती विंडो चोख सांभाळली.

क्वालिफायरने फक्त मरून रंग निवडायला गेल्यावर मात्र मोराच्या नक्षीच्या कडा दातेरी झाल्या. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. माझा कॅमेरा 4:2:0 पद्धतीने चित्रण करतो, म्हणजे दर चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना साठवतो, आणि जो तपशील नोंदलाच गेला नाही तो नंतर कुठून आणणार?

दृश्य परिणामांसाठी फ्युजन पेज आहे. दुकानाच्या पाटीवरून गेलेल्या विजेच्या तारा मी एका फ्रेमवर क्लोनने, म्हणजे शेजारचा भाग उचलून त्यांवर रंगवून, पुसल्या आणि तो तुकडा सपाट पृष्ठभागाचा माग ठेवणाऱ्या प्लॅनर ट्रॅकरने पाटीला चिकटवला. सपाट पाटीवर हे काम सुरेख झाले, झाडाच्या हलत्या पानांवरून गेलेली तार मात्र तशी पुसता आली नाही. फ्युजनसाठी कंपनीच 32 जीबी मेमरी (रॅम) सुचवते. 16 जीबीवर काम होते, पण संयम लागतो.

अंतिम प्रत दाखवताना दुकानदारांनी खरी चादर मोबाइलशेजारी धरली आणि रंग पसंत केला. त्यांच्या मुलाच्या फोनवर तोच रंग थोडा भडक दिसला, म्हणून आता मी प्रत देण्यापूर्वी दोन-तीन फोनवर तपासतो.

मोफत आवृत्तीत अल्ट्रा एचडीपर्यंतची प्रत काढता येते. नॉइज रिडक्शन (कमी उजेडात चित्रावर येणारे दाणे घालवणे) आणि मॅजिक मास्क (हलती व्यक्ती आपोआप निवडणे) यांसाठी स्टुडिओ आवृत्ती लागते. तिची किंमत 295 डॉलर असून ती एकदाच भरावी लागते. अंधाऱ्या मांडवात लग्ने चित्रित करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. चादरी, टॉवेल आणि साड्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांनी आधी ग्रे कार्ड घ्यावे.