घरचा पेपर बंद करून आठ महिने ई-पेपर वाचला, त्याचा अनुभव

फेब्रुवारीच्या एक तारखेला मी घरचा पेपर बंद केला. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या या घरी लग्न होऊन आल्यापासून छपाईच्या सुट्ट्या, २०१९ चा महापूर आणि कोरोनाचे दिवस सोडले तर दाराशी पेपर पडला नाही असं झालं नव्हतं. पण आम्ही दोघं नवरा-बायको बातम्या मोबाईलवरच बघत होतो, मुलं खेळाच्या पानापलीकडे पेपरला हात लावत नव्हती आणि महिन्याचं बिल वाढत चाललं होतं. तोच पेपर ई-पेपर म्हणून घेतला आणि अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, दहा इंची टॅब आणला. ऑक्टोबरमध्ये पेपर पुन्हा लावला. मधल्या आठ महिन्यांत काय झालं ते लिहिते, कारण आमच्या ओळखीत बरीच घरं याच विचारात आहेत.

आधी चांगलं सांगते. जुलैत पंचगंगा नदी चढायला लागली की राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा इथं प्रत्येकाला तासातासाला लागतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. रात्री छापलेला आकडा सकाळच्या चहापर्यंत जुना झालेला असतो. तिथं मोबाईलला तोड नाही. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तेव्हाही रोजची खबर मोबाईलवरच कळत होती. शिवाय ई-पेपर पहाटे उठायच्या आत आलेला असतो आणि पुण्याला दिलेली नणंदसुद्धा रोज कोल्हापूर आवृत्ती वाचते. तिला त्याचं फार अप्रूप आहे.

आता अण्णांचं. ते सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पेपर पसरून बसायचे. वाऱ्यानं पान उडू नये म्हणून कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवायचे. पुरवणी सासूबाईंकडे जायची, खेळाचं पान धाकट्याकडे, आणि मधली पानं अण्णांकडे. एका पेपरात तिघं बसायची. टॅब मात्र एकाच्याच हातात राहतो. अख्खं पान दिसतं तेव्हा अक्षरं वाचता येत नाहीत, अक्षरं मोठी केली की पान दिसत नाही. बोटानं सरकवता सरकवता दुसरीच बातमी उघडते. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अर्ध्या तासात डोळ्याला पाणी यायचं. पहिली दोन-तीन पानं बघून ते टॅब खाली ठेवायला लागले. सुरुवातीला काही दिवस चालत करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन पेपर वाचून यायचे. १८५० पासूनचं हे ग्रंथालय आहे, अण्णांचं तरुणपणापासून तिथं जाणं. पावसाळ्यात गुडघा धरला आणि तेही थांबलं.

ऑगस्टमध्ये जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. आपल्याकडं माणूस गेला की पेपरात चार ओळी येतात. छोटा फोटो, वय, मागे कोण कोण आहे, आणि शेवटी रक्षाविसर्जन कधी, किती वाजता, पंचगंगा स्मशानभूमीत की आणखी कुठं. जवळचे सोडले तर बाकीच्यांना कोणी फोन करत नाही. पेपरात वाचलं असेल असं धरूनच चालतात. अण्णांबरोबर एसटीच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काम केलेले एक मित्र त्या महिन्यात गेले. बातमी ई-पेपरातही होती, सातव्या पानावर, तळाला. अण्णा तिथपर्यंत पोचलेच नाहीत. मोबाईलवर दिवसभर मुंबईचं राजकारण आणि क्रिकेट वाजत होतं, ही खबर काही वाजली नाही. पंधरा दिवसांनी कपिलतीर्थ मार्केटात त्या मित्रांचा मुलगा भेटला. “काका, तुम्ही दिसला न्हाईसा,” एवढंच म्हणाला. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. मला ते फार लागलं, कारण पेपर मी बंद केला होता.

पुन्हा लावायला गेले तेव्हा पेपरवाल्या काकांनी लाईनचं, म्हणजे घरोघर पेपर टाकायच्या फेरीचं, गणित सांगितलं. पहाटे चारला गठ्ठे उचलायचे, बसून पुरवण्या आत भरायच्या, मग गाडी काढायची. पूर्वी एका गल्लीत दारोदार पेपर पडायचा, आता दहा घरं सोडून एक. “वैनी, घरं कमी झाली तरी गल्ली कमी हुत न्हाई,” ते म्हणाले. पेट्रोल तेवढंच, वेळ तेवढाच, कमिशन निम्म्याहून कमी. लाईन टाकायला पोरं मिळत नाहीत म्हणून साठीत स्वतः जिने चढतात.

दरवाढीचा राग मी त्यांच्यावर काढत होते, तो चुकीचा होता. आपल्याकडं छपाईचा बराच कागद बाहेरून येतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर १० टक्के सीमाशुल्क बसलं, २०२० ला ते ५ वर आणलं. मग कोरोना, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धात कागद पुन्हा महागला. पेपरचा खर्च पूर्वीपासून जाहिराती उचलत आल्या, त्या आता मोबाईलकडं वळल्या. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं काही दिवस घरोघरी वाटपच थांबवलं होतं. तेव्हा सुटलेली घरं परत आलीच नाहीत, असं काका सांगतात.

माझं मत विचाराल तर, घरात साठीपुढचं कोणी असेल तर छापील पेपर बंद करू नका. फक्त तरुण माणसं असतील तर ई-पेपर पुरेल, पण टॅबवर. मोबाईलच्या पडद्यावर अख्खं पान वाचणं होत नाही. आम्ही आता दोन्ही ठेवलंय. नणंदेचा ई-पेपर चालू आहे आणि घरी एक छापील येतो.

पुन्हा लावायचा असेल तर महिना संपायच्या चार-पाच दिवस आधी आपल्या लाईनवाल्याला सांगा, म्हणजे त्याला प्रती वाढवून घेता येतात. बिल थकवू नका. १५ ऑक्टोबरला, माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, वृत्तपत्र विक्रेता दिन असतो. लहानपणी रामेश्वरमला त्यांनीही पेपर टाकले होते. त्या दिवशी अण्णा पहाटेच दारात उभे होते. काकांना आत बोलावून चहा दिला, आणि पेपर हातात घेतल्यावर आधी सातवं पान उघडलं.